शब्दातले दोन 'डल'

"काकू, पान ११२ वर तुम्ही एक म्हणता आणि ११५ वर दुसरं. ते दोन वेगळे खडक आहेत का?"

श्रावणातल्या एका संध्याकाळी हा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. गॅस बंद करून खुर्चीत बसले, कारण प्रश्न ऐकताक्षणी कळलं होतं की चूक माझ्याकडून झाली आहे.

ही मुलगी भूगोलात एमए करते. तिला जन्मापासून दिसत नाही. तिची पुस्तकं मी मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करते आणि पाठवते. बँकेतून निवृत्त झाल्यावर हे काम हाती घेतलं, त्याला आता चार वर्षं झाली. दुपारी दोन ते चार ही माझी वेळ. सोसायटी तेव्हा शांत असते. पंखा बंद, खिडक्या बंद, फोन उशीवर आडवा. वैशाखात घामाच्या धारा लागतात, पण पंख्याची घरघर आवाजात मिसळली की ऐकणाऱ्याचं डोकं उठतं, हे तिनंच मला पहिल्या महिन्यात सांगितलं होतं.

तेव्हा चालू होतं ते एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, आणि त्यातलं दख्खनच्या पठारावरचं प्रकरण. माझा जन्म सिन्नर तालुक्यातला, सगळं बालपण याच काळ्या दगडावर गेलेलं, त्यामुळे मी ते प्रकरण हौसेनं वाचायला घेतलं होतं. त्यात बेसॉल्टच्या एका प्रकाराला लावलेलं एक विशेषण वारंवार येत होतं. देवनागरीत ते मी आता असं लिहिते: अमिग्डलॉयडल. तेव्हा मात्र ते कसं म्हणायचं याचा विचार न करता, नजरेला जसं दिसलं तसं म्हणून मी पुढे गेले होते.

रात्री जेवणं झाल्यावर सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. शब्द अकरा वेळा आला होता. चार वेळा मी 'ॲमिगडॅलॉइडल' म्हटलं होतं, पाच वेळा 'अमायग्डलॉइडल', आणि दोन वेळा घाईत असं काही पुटपुटले होते की मला स्वतःलाही ते लागेना. फार वाईट वाटलं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला असल्या गडबडीनं काही होत नाही, कारण कागदावर स्पेलिंग तेच असतं आणि नजर ते ओळखते. जी कानांनी वाचते तिच्यासाठी उच्चार हेच स्पेलिंग. मी एका खडकाचे तीन खडक केले होते, आणि परीक्षेत तिनं तीन खडक लिहिले असते तर तो माझा दोष होता.

तिच्या फोनमध्ये वाचून दाखवणारा एक आवाज आहे. त्यालाही तिनं विचारून पाहिलं होतं. त्यानं चौथाच उच्चार केला.

दुसऱ्या दिवशी कोश काढला. चांगल्या इंग्रजी कोशात शब्दाच्या पोटात बारीक ठिपके असतात, तोंडानं शब्द कुठे कुठे मोडायचा ते दाखवणारे. शिवाय एखाद्या तुकड्याच्या आधी एक छोटी उभी रेघ, भार कुठे द्यायचा ते सांगणारी. बँकेत तीस वर्षं आकडे जुळवले, पण या ठिपक्यांकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. या शब्दाचे तुकडे पाच: अ, मिग, ड, लॉय, डल. मुख्य भार चौथ्यावर, 'लॉय'वर. त्याहून हलका एक भार दुसऱ्यावर, 'मिग'वर. बाकीचे तीन तुकडे हलके, जवळजवळ गिळलेले.

इथे आपल्या लोकांची एक नेहमीची अडचण सांगते. सुरुवातीला इंग्रजी 'ए' दिसला की आपण 'ॲ' म्हणून मोकळे होतो. पण भार नसलेला तो पहिला स्वर आपल्या साध्या 'अ'च्या अगदी शेजारी राहतो. अमोल, अमर, अमावास्या यांतला 'अ'. जन्मल्यापासून जो स्वर आपण म्हणत आलो, नेमका तोच इथे हवा होता, आणि मी तोंड वाकडं करून 'ॲ' म्हणत बसले. 'वाय'चंही तसंच. तिथे आखूड 'मि' आहे, 'माय' नाही.

दुसरी अडचण लिपीची. देवनागरीत हा शब्द लिहिला की कागदावर सात अक्षरं दिसतात: अ, मि, ग्ड, लॉ, य, ड, ल. तोंडात मात्र पाचच. आपण लिहिताना 'ग' आणि 'ड' यांना एकाच अक्षरात बांधतो, आणि बोलताना 'ग' आधीच्याला चिकटतो, 'ड' पुढच्याला. हे समजावताना मला शाळेतलं वृत्त आठवलं. बाईंनी घोकून घेतलेलं असतं ना, जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षरही गुरू धरायचं, कारण त्याच्यावर आघात येतो. 'मि' ऱ्हस्व आहे, पण पुढे 'ग्ड' आल्यामुळे ते गुरू. म्हणजे 'अमिग्ड' हे लघु, गुरू, लघु. यमाचा, मानावा, राधिका, ताराप यांच्या रांगेतला 'जनास'. ज-ना-स, अ-मिग-ड. तिला फोनवर हे म्हणून दाखवलं तर ती लगेच म्हणाली, "जनास लॉयडल!" आणि हसत सुटली. वृत्तं तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, ऐकून ऐकून.

मग आम्ही तो शब्द हाताच्या बोटांवर बसवला. अंगठा 'अ', तर्जनी 'मिग', मधलं बोट 'ड', अनामिका 'लॉय', करंगळी 'डल'. ज्या बोटावर भार, ते बोट टेबलावर जोरात टेकवायचं. तर्जनी थोडी, अनामिका पूर्ण. फोनच्या पलीकडून मला टेबलाचा आवाज येत होता: टक हलका, टक, टक हलका, टक्क, टक हलका. दहाबारा वेळा झाल्यावर ती म्हणाली, "आता अक्षरं सांगा, मी लिहून घेते."

मी एकेक सांगत गेले. ए, एम, वाय, जी, डी, ए, एल, ओ, आय, डी, ए, एल. बारा. तिकडे ब्रेलच्या पाटीवर टोचणीची टिकटिक चालू होती. पाटीवर लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचत जातात आणि कागद उलटवून डावीकडून उजवीकडे वाचतात, त्यामुळे लिहिल्यानंतर थोडी शांतता असते, कागद काढून उलटा करेपर्यंतची. त्या शांततेनंतर ती म्हणाली,

"काकू, यात एकच तुकडा दोनदा आलाय."

"कुठला?"

"डी, ए, एल. मधे एकदा आणि शेवटी एकदा. बोटाला अगदी तसाच लागतो."

मी चष्मा लावून पुन्हा बघितलं. खरंच होतं. ब्रेलमध्ये 'डी' म्हणजे वरचे दोन ठिपके आणि उजवीकडचा मधला, 'ए' म्हणजे एकटा ठिपका, 'एल' म्हणजे डावीकडची तीन ठिपक्यांची उभी ओळ. ही तीन घरं ओळीत दोनदा येतात, मधे फक्त 'ओ' आणि 'आय'. मी हा शब्द अकरा वेळा वाचला होता, कोशात पाच मिनिटं न्याहाळला होता, आणि मला ते दिसलं नव्हतं. तिच्या बोटाला पहिल्याच फेरीत सापडलं.

पुढचा तिचा प्रश्न सरळ होता: "मग दोन्ही 'डल'चा अर्थ एकच का?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला या शब्दाची खरी गोडी लागली.

अर्थाच्या बाजूनं शब्दाचे तुकडे तीनच पडतात. पहिला 'अमिग्डल', ग्रीकमधल्या 'अमिग्डाले'पासून, म्हणजे बदाम. दुसरा 'ऑइड', म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा. तिसरा 'अल', लॅटिनमधला विशेषण करणारा प्रत्यय, जो पोस्टल, डेंटल, नॅशनल यांच्या शेवटी असतो. बदाम, सारखा, असलेला. बदामासारख्या आकाराच्या गोष्टी असलेला खडक. पहिलं 'डल' हे अख्खं बदामाच्या पोटातलं आहे. दुसऱ्या 'डल'ला स्वतःचा अर्थच नाही. त्यातला 'ड' हा 'ऑइड'चं शेपूट, आणि 'अल' हा लॅटिन प्रत्यय. दोन वेगळ्या घरांतली माणसं बसच्या एका बाकावर बसली, एवढंच. बोटाला दोन्ही सारखे लागतात, पण एक सख्खा आणि एक योगायोगाचा.

आणि बोलताना होते ती अजून वेगळी गंमत. तोंडाचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे एकमेकांवर बसतच नाहीत. बदामाचा 'ल' तोंडात पुढे सरकून 'लॉय' होतो. 'ऑइड'चा 'ड' पुढे सरकून 'डल' होतो. अर्थाचा सांधा एकीकडे, श्वासाचा दुसरीकडे.

हे तिला कसं सांगावं याचा विचार करत देवघरापाशी उभी होते, आणि समोरच उत्तर होतं. जगदंबा. आपण म्हणतो जग-दं-बा. आरती असो, गोंधळ असो, टाळी पडते ती 'जग'वर आणि 'दं'वर. पण शब्द फोडायचा तर जगत् आणि अंबा. 'जगत्'चा 'त्' मऊ होऊन 'द्' झाला आणि अंबेच्या मांडीवर जाऊन बसला. 'दंबा' नावाची देवी कुठेच नाही, तरी आपण रोज तिला हाक मारतो आणि कुणाचं काही अडत नाही. चिदंबरही तसंच, चित् आणि अंबर. संधी शिकलेल्या माणसाला हे सांगायलाच लागत नाही. ती पटकन म्हणाली, "म्हणजे 'लॉय' हा 'दं'सारखा."

बरोब्बर तसा.

'ऑइड'बद्दल थोडं जास्त सांगते, कारण हा तुकडा आपल्या घराघरात आहे आणि आपण त्याला ओळखत नाही. मी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते. त्या ग्रंथीशेजारच्या कूर्चेचा आकार ढालीसारखा, म्हणून ते नाव. ग्रीक 'थिरेऑस' म्हणजे ढाल. टायफॉइड म्हणजे टायफससारखा ताप. ज्या फोनवर मी रेकॉर्डिंग करते तो अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा. १८०२ साली विल्यम हर्शेल यांनी ॲस्टेरॉइड हे नाव सुचवलं, कारण ते गोळे दुर्बिणीतून ताऱ्यांसारखे ठिपकेच दिसत होते. आणि या 'ऑइड'च्या मुळाशी जो ग्रीक 'एइदोस' आहे, रूप, दिसणं, तो आपल्या 'विद्' धातूचा नातलग. वेद, विद्या, लॅटिनमधलं 'व्हिडिओ' म्हणजे 'मी पाहतो', सगळी एकाच घरची भावंडं. मराठीत हेच काम 'आभ' करतो. गोलाभ म्हणजे गोलासारखा. त्याच चालीवर मी या खडकाला माझ्यापुरतं 'बदामाभ' म्हणायला लागले.

"बदाम म्हणजे पत्त्यातला की खायचा?" ती.

मी क्षणभर थांबलेच. तिच्याकडे ब्रेलचे पत्ते आहेत, भावंडांबरोबर ती बदाम सात खेळते. पत्त्यातल्या बदामाचा आकार तिला कुणीतरी तळहातावर बोटानं काढून दाखवला होता: वर दोन गोल फुगे, खाली टोक. मराठीत बदाम म्हटलं की हा आकारही डोळ्यांसमोर येणारच. तिनं त्या आकाराची पोकळी खडकात कल्पून ठेवली असती आणि कुणालाच कळलं नसतं. तिला म्हटलं, डब्यातला खायचा बदाम घे. एक टोक निमुळतं, दुसरं बोथट, मधे जरा फुगीर, बाजूनं चपटा. तो.

या बदामानं जगभर काय काय प्रवास केलाय म्हणून सांगू. मेंदूत भीती आणि भावनांशी निगडित असलेला एक छोटा भाग आहे, अमिग्डला. त्याचं नावही बदामाच्या आकारावरूनच पडलेलं. फ्रेंचमध्ये आजही टॉन्सिल्सना 'अमिग्दाल' म्हणतात, म्हणजे तिथल्या आया पोराला सांगत असणार, तोंड उघड, बदाम बघू. कडू बदामात असलेल्या द्रव्याचं नाव अमिग्डलिन. आणि सगळ्यात नवल म्हणजे इंग्रजीतला साधा 'आमंड' हाही हाच शब्द. ग्रीक 'अमिग्डाले' लॅटिनमध्ये गेला, झिजत झिजत जुन्या फ्रेंचमध्ये 'अलमांद' झाला आणि तिथून इंग्रजीत आला. तो 'ल' मूळचा नाही, वाटेत शिरला. त्यामुळे जुन्या वळणाचे इंग्रज तो लिहितात, पण म्हणत नाहीत. एकच शब्द बाजारातून आला तर दोन तुकड्यांचा झाला, आणि ग्रंथातून आला तर पाच तुकड्यांचा राहिला.

आता खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर ते आहेत, आणि पश्चिम घाटात त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. 'डेक्कन ट्रॅप' यातला 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश 'त्राप्पा', जिना. सह्याद्रीच्या पायऱ्या पायऱ्यांच्या कड्यांवरून ते नाव. लाव्हा वर येताना त्यात वायू असतात, आणि ते उतू जाणाऱ्या दुधासारखे फुगे धरतात. लाव्हा थिजली की फुग्यांच्या जागी पोकळ्या उरतात. थिजता थिजता ती वाहत असेल तर गोल फुगा ओढला जाऊन लांबट होतो. नुसत्या पोकळ्या असतील तर खडक 'व्हेसिक्युलर'. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपून त्या पोकळ्यांत खनिजं साचली, पोकळी भरली, आणि काळ्या दगडात पांढरे, गुलाबी, हिरवट बदाम बसल्यासारखे दिसू लागले, की तो अमिग्डलॉयडल.

बदामांत साचणारी ही खनिजं बरीचशी झिओलाइट गटातली. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असा एक दगड तापवला तर त्यातलं पाणी बाहेर पडून तो उकळल्यासारखा फेसाळला. म्हणून झिओलाइट, ग्रीकमध्ये उकळणारा दगड. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे स्फटिक मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी पाय निघत नाही. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत निळाशार कॅव्हनसाइट मिळतो, ज्याच्यासाठी जगभरचे संग्राहक वेडे असतात. त्याचं नाव तर फोडून दाखवण्यासाठीच केल्यासारखं आहे: कॅल्शियमचा 'कॅ', व्हॅनेडियमचा 'व्हॅन', सिलिकेटचा 'सि'.

हे सगळं वाचून झाल्यावर मी दादाला फोन केला. दादा गावी असतो, शेती बघतो. त्याला म्हटलं, "दादा, काळ्या दगडात पांढऱ्या गोळ्या असतात, लांबट, तो कुठला रे?"

"अगं, मांजऱ्या. विसरलीस? आपल्या विहिरीला लागला होता की."

आणि मला सगळं आठवलं. बाहत्तरचा दुष्काळ. मी नऊ वर्षांची, दादा चौदाचा. आबांनी विहीर खणायला काढली होती. वरची माती गेली, मग मुरूम, मग काळा पाषाण लागला आणि काम अडलं. सुरुंग लावायचे, आम्हा पोरांना लांब कडुलिंबाखाली पिटाळायचे, धडाम झालं की धूळ बसेपर्यंत थांबायचं. घमेल्यांतून डबर वर यायचं. एक दिवस आबा खालून ओरडले, "मांजऱ्या लागला!" आणि काठावरची सगळी माणसं वाकून बघू लागली. आई पदरात चेहरा लपवून रडली ते मला अजून दिसतं. तेव्हा वाटलं होतं, खाली मांजर सापडलं की काय.

"मांजऱ्या का म्हणतात रे?" मी विचारलं.

"उन्हात धरला की मांजराच्या डोळ्यावानी चमकतो. आबा सांगायचे. आन् तो लागला का टिकाव चालतो, पाण्याची आस लागते."

आबांना ग्रीक येत नव्हतं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण त्यांच्याकडे या खडकाला शब्द होता, तीन तुकड्यांचा, 'सारखा' सांगणारा, तोही उपमेवर उभा. तिकडच्या माणसाला बदाम दिसला, आबांना मांजराचा डोळा. आणि आबांच्या शब्दामागे पाण्याचं गणित होतं. घट्ट काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांतून खेळतं. मांजऱ्यातल्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, त्यामुळे ताजा असेल तर त्यातूनही पाणी सुटत नाही. पण तो लवकर कुजतो, भुसभुशीत होतो, आणि मग त्या कुजक्या थरात पाणी धरून राहतं. आमच्या विहिरीला पुढे दोन हात खणल्यावर पाझर सुटला. पुस्तकातल्या ज्या परिच्छेदात हा शब्द सहा वेळा आला होता, तो भूजलावरचाच होता. मी तो वाचताना एकदाही विहिरीची आठवण काढली नव्हती, कारण शब्द मला दगडासारखा अखंड लागला होता, कुठेच फुटत नव्हता.

मग पुन्हा रेकॉर्डिंगला बसले. नुसता तेवढा शब्द चिकटवला असता तर आवाज बदललेला कळला असता, म्हणून अख्खी पानं पुन्हा वाचली. वाचताना आणखी एक गाठ सापडली, जिच्यामुळे माझा मूळ गोंधळ झाला असणार. पुस्तकात 'अल' नसलेलं रूपही होतं, अमिग्डलॉइड. तिथे मुख्य भार 'मिग'वर असतो. शेवटी 'अल' लागला की भार उचलून 'लॉय'वर जातो. एक हलकासा प्रत्यय शेपटीला लागतो आणि सगळ्या शब्दाचा तोल सरकतो. त्याच प्रकरणात 'स्फिरॉइड' आणि 'स्फिरॉयडल' होते, बेसॉल्टचे गोटे कांद्यासारखे पापुद्रे सोडतात त्या झिजेबद्दल. तिथेही हेच: पहिल्यात भार 'स्फि'वर, दुसऱ्यात 'रॉय'वर. 'ट्रॅपिझॉइड', 'ट्रॅपिझॉयडल' म्हणून पाहा. एकदा कळलं की या घराण्यातला कुठलाही शब्द अडत नाही. मी वहीत शेवटच्या पानावर ओळ लिहून ठेवली: 'ऑयडल आला की अनामिका.'

गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा दादाबरोबर विहिरीवर गेले. बाहत्तरचं डबर अजून बांधाला आहे, त्यावर घाणेरी माजली आहे. दादानं कोयत्यानं ती सपासप बाजूला केली आणि आम्ही दोघं दगड चाळत बसलो. एक मुठीत मावेल असा तुकडा मिळाला. एका बाजूनं सुरुंगानं फुटलेला, ताजा काळा. त्यावर बदामच बदाम, बहुतेक पांढरे, एकदोन फिक्या गुलाबी रंगाचे, सगळे एकाच दिशेला कललेले. लाव्हा त्या बाजूला वाहत होती. धुऊन, पुसून, जुन्या रुमालात गुंडाळून तो पुण्याला आणला. संग्रहालयांत असे नमुने काचेमागे असतात, आणि काचेमागचं तिच्या काय कामाचं?

रविवारी तिच्या घरी गेले. तिनं दगड दोन्ही हातांत घेतला, आधी वजन तोललं, मग अंगठ्यानं कडा चाचपली. फुटक्या बाजूवर तर्जनी फिरवत आली. मी काहीही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि गप्प राहणं फार कठीण गेलं. काही बदाम दगडाच्या वर किंचित उचललेले होते, तिथे बोट थांबायचं, भोवती फिरायचं, पुढे जायचं. काही निखळून गेलेले होते, तिथे बोटाचं टोक आत बुडायचं. तिनं नखानं एक भरलेला बदाम खरवडला. तो काळ्या दगडापेक्षा गुळगुळीत लागला असणार.

"सगळे एकीकडेच झुकलेत," ती म्हणाली. मग निखळलेल्या खड्ड्यात बोट ठेवून, "हे असे सगळेच मुळापासून रिकामे असते तर व्हेसिक्युलर." आणि शेजारच्या भरलेल्यावर बोट आणून, अनामिका मांडीवर टेकवत, सावकाश, पाचही तुकडे वेगळे: "अमिग्डलॉयडल."

तिची आई चहा घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली.

मग बोट एका मोठ्या पोकळीपाशी गेलं, जी मी पाहिली होती पण जिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आत, कडेकडेनं, साखरेच्या दाण्यांएवढे स्फटिक, आणि मधे जागा मोकळी. ती बराच वेळ त्यात बोटाचं टोक फिरवत राहिली.

"काकू, हा अर्धाच भरलाय. याला काय म्हणतात?"

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि पान ११६ उघडलं.